व्हीपीएन जोडलं की व्हीएमचं नेटवर्क तुटतं : दुरुस्तीचा नेमका क्रम

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. लॅपटॉपवर ऑफिसचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित जोडणी) जोडलंय, ब्राउझरमध्ये ऑफिसच्या साइट्स उघडतायत. पण त्याच लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनमधून (लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकातून, म्हणजे व्हीएममधून) कोड सर्व्हर लागत नाही, किंवा इंटरनेटच जातं, किंवा होस्टवरून (म्हणजे लॅपटॉपवरून) व्हीएममध्ये एसएसएच (दुसऱ्या यंत्रावर कमांड चालवण्याची जोडणी) करताना कर्सर नुसता लुकलुकत राहतो. व्हीपीएन तोडलं की सगळं जिथल्या तिथे.

यावर दहापैकी नऊ जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे नेटवर्क ‘नॅट’वरून ‘ब्रिज्ड’वर नेणं (दोन्हींचा अर्थ टप्पा २ मध्ये). मग गेस्टमध्ये (व्हीएमच्या आतल्या सिस्टिममध्ये) डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) म्हणून ८.८.८.८ लिहिणं. मग व्हर्च्युअलबॉक्स (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) काढून पुन्हा टाकणं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे. यातला ब्रिज्डचा उपाय तर मूळ अडचण सोडवत नाहीच, वर आणखी एक अडचण उभी करतो. म्हणून इथे उपायांपेक्षा क्रमावर भर दिला आहे : आधी होस्ट, मग नेटवर्कचा मोड, मग पत्त्यांची टक्कर, मग डीएनएस, मग एमटीयू (एका खेपेला जाऊ शकणाऱ्या डेटाचा कमाल आकार). हा क्रम मोडू नका. प्रत्येक टप्प्यावरची तपासणी आधीच्या टप्प्यावरची गोष्ट ठीक आहे हे धरूनच केलेली आहे.

उदाहरणासाठी घरून काम करणाऱ्यांची नेहमीची मांडणी घेतली आहे : विंडोज ११ चा लॅपटॉप, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स, आत उबुंटू, आणि व्हीपीएनचा क्लायंट होस्टवर. व्हीएम चालवण्याचे इतर मार्ग (व्हीएमवेअर, हायपर-व्ही, केव्हीएम आणि डब्ल्यूएसएल) जिथे वेगळे वागतात तिथे तसं सांगितलं आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि रोमन अंक वापरायचे.

## पूर्वतयारी : काहीही बदलण्याआधी

परवानगी. लॅपटॉप कंपनीचा असेल तर व्हीएममधून कंपनीच्या नेटवर्कवर जायला परवानगी आहे का, हे आयटीला आधी विचारा. काही ठिकाणी हे धोरणानेच बंद असतं. तसं असेल तर पुढचे सगळे टप्पे करूनही काही उपयोग नाही आणि तुमच्या नावावर नोंद मात्र होते.

स्नॅपशॉट. व्हीएम बंद करून तिच्या आत्ताच्या स्थितीची नोंद, म्हणजे एक स्नॅपशॉट घ्या. व्हर्च्युअलबॉक्सच्या स्नॅपशॉटमध्ये डिस्कसोबत त्या व्हीएमच्या सेटिंगही साठवल्या जातात. होस्टवर केलेले बदल मात्र त्यात येत नाहीत. ते वेगळे लिहून ठेवा.

चाचणीसाठी एक सर्व्हर ठरवा. कंपनीच्या आतला, व्हीपीएनशिवाय न दिसणारा एकच सर्व्हर निवडा आणि त्याचं नाव, आयपी पत्ता व पोर्ट या तिन्ही गोष्टी कागदावर लिहा. आयपी माहीत नसेल तर होस्टवर व्हीपीएन जोडून पॉवरशेलमध्ये ‘रिझॉल्व्ह-डीएनएसनेम’ या कमांडला सर्व्हरचं नाव द्या. इथे आपण कोड सर्व्हर, पत्ता १०.२०.५.४०, पोर्ट ४४३ असं धरू.

लक्षण नेमकं लिहा. ‘नेट चालत नाही’ हे लक्षण नव्हे. व्हीपीएन जोडलेलं असताना या चार गोष्टी (पहिल्या तीन गेस्टमधून) करून पाहा आणि हो किंवा नाही लिहा : बाहेरची साइट उघडते का, कोड सर्व्हर नावाने लागतो का, तोच सर्व्हर आयपी पत्त्याने लागतो का, होस्टवरून गेस्टमध्ये एसएसएच होतं का. घोडं कुठे पेंड खातंय, ते निम्म्या वेळा या चार उत्तरांतच दिसतं.

> सावधान : चाचणी पिंगने करू नका. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये पिंगला मर्यादा आहेत, आणि कंपन्यांचे फायरवॉल पिंग सर्रास अडवतात. पिंग गेलं नाही म्हणजे रस्ता बंद असं नसतं. गेस्टमध्ये ‘एनसी -व्हीझेड १०.२०.५.४० ४४३’ वापरा. ती त्या पोर्टवर खरी टीसीपी जोडणी करून पाहते.

## टप्पा १ : होस्ट निर्दोष आहे याची खात्री

व्हीएम पूर्ण बंद ठेवा. व्हीपीएन जोडा. पॉवरशेलमध्ये द्या :

टेस्ट-नेटकनेक्शन १०.२०.५.४० -पोर्ट ४४३

शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर पुढे जा. ‘फॉल्स’ आलं तर व्हीएमचा काही संबंध नाही. आधी व्हीपीएन दुरुस्त करून घ्या. ब्राउझरमध्ये साइट उघडते एवढ्यावर समाधान मानू नका. ब्राउझर बऱ्याचदा कंपनीच्या प्रॉक्सीमार्गे (मधल्या सर्व्हरमार्गे) जातो, त्यामुळे थेट रस्ता बंद असला तरी पान दिसतं.

आता व्हीपीएनचा बोगदा (त्यातून वाहतूक जाण्याचा बंद मार्ग) पूर्ण आहे की विभागलेला, ते पाहा. ‘राउट प्रिंट -४’ द्या आणि वरच्या काही ओळी वाचा. ०.०.०.० या पत्त्यासाठी व्हीपीएनच्या कार्डाकडे जाणारी कमी मेट्रिकची (मेट्रिक म्हणजे रस्त्याचा अग्रक्रम, कमी आकडा आधी) ओळ असेल, किंवा ०.०.०.० आणि १२८.०.०.० अशा दोन ओळी १२८.०.०.० या मास्कसह असतील, तर सगळी वाहतूक व्हीपीएनमधून जातेय : हा पूर्ण बोगदा. ओपनव्हीपीएनची ती दोन ओळींची पद्धत नेहमीची आहे. फक्त १०.०.०.० किंवा तत्सम ठरावीक पट्टेच (पत्त्यांचे गट) व्हीपीएनकडे जात असतील, तर तो विभागलेला बोगदा.

ही यादी जपून ठेवा. टप्पा ३ मध्ये तिच्यावाचून अडेल.

> तपासा : घरच्या राउटरचा पट्टा कोणता? ‘आयपीकॉन्फिग’मध्ये वायफायच्या कार्डाखाली दिसतो. जिओफायबरच्या राउटरवर तो सहसा १९२.१६८.२९ ने सुरू होतो, इतर बऱ्याच राउटरवर १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ने. कंपनी आतमध्ये तोच पट्टा वापरत असेल तर टक्कर होस्टवरच होते. तेव्हा राउटरचा पट्टा बदलणं हाच स्वच्छ उपाय.

## टप्पा २ : मोड नॅटवर आणा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट मोडमध्ये गेस्टने पाठवलेलं पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) थेट बाहेर जात नाही. व्हर्च्युअलबॉक्सची प्रक्रिया ते उघडते आणि गेस्टच्या वतीने होस्टवर स्वतःची जोडणी करते. होस्टच्या नजरेला ती ब्राउझरसारखीच एका प्रोग्रामने केलेली जोडणी असते. त्यामुळे तिला होस्टची राउटिंग टेबल (कोणत्या पत्त्याकडे कोणत्या रस्त्याने जायचं याची यादी) लागू होते, आणि ती टेबल व्हीपीएनकडे बोट दाखवत असेल तर गेस्टची वाहतूकही आपोआप व्हीपीएनमधून जाते.

ब्रिज्ड मोडमध्ये गेस्ट होस्टला वगळून थेट वायफाय किंवा इथरनेटच्या कार्डावर बसतो. घरच्या राउटरकडून स्वतःचा पत्ता घेतो. त्याची पॅकेट्स होस्टच्या राउटिंग टेबलला शिवतही नाहीत, मग व्हीपीएनला कुठून शिवणार? म्हणून ब्रिज्ड केल्यावर ‘इंटरनेट आलं, पण ऑफिस नाही’ असं होतं. लोकांना वाटतं अर्धं काम झालं. प्रत्यक्षात गेस्ट व्हीपीएनच्या बाहेर गेलेला असतो.

आता कृती :

१. व्हीएम पूर्ण बंद करा. ‘सेव्ह स्टेट’ नको, शटडाउन.

२. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, तिथे अ‍ॅडॉप्टर १, ‘अटॅच्ड टू’ समोर ‘नॅट’ निवडा.

३. अ‍ॅडॉप्टर २, ३, ४ उघडून पाहा. आधीच्या खटपटीत एखादा ब्रिज्ड अ‍ॅडॉप्टर चालू राहिला असेल तर तो बंद करा.

४. आधी व्हीपीएन जोडा, मग व्हीएम सुरू करा.

गेस्टमध्ये ‘आयपी राउट’ द्या. ‘डिफॉल्ट’ने सुरू होणारी एकच ओळ दिसायला हवी, आणि तिच्यात १०.०.२.२ हा गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार). गेस्टचा स्वतःचा पत्ता १०.०.२.१५ असतो. डिफॉल्टच्या दोन ओळी, एकीला मेट्रिक १०० आणि दुसरीला १०१ अशा दिसल्या तर दुसरा अ‍ॅडॉप्टर अजून जिवंत आहे. कमी मेट्रिकची ओळ जिंकते. ती ब्रिज्डची असेल तर वरच्या पायऱ्या फुकट गेल्या.

इतर ठिकाणी. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये नॅट म्हणजे व्हीएमनेट८, ब्रिज्ड म्हणजे व्हीएमनेट०. तिथे गेटवे शेवटी .२ असलेला पत्ता असतो. तो दिसत नसेल तर विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये व्हीएमवेअरची नॅट सर्व्हिस आणि डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी) सर्व्हिस चालू आहेत का पाहा. हायपर-व्हीमध्ये ‘एक्स्टर्नल’ स्विच म्हणजे ब्रिज्डच. त्याऐवजी ‘डिफॉल्ट स्विच’ घ्या, किंवा पुढच्या टप्प्यात सांगितलेला स्वतःचा स्विच बनवा.

> सावधान : व्हीपीएन जोडण्याआधी गेस्टमध्ये उघडलेली एसएसएचची किंवा डेटाबेसची जोडणी व्हीपीएन जोडल्यावर तुटू शकते. तो बिघाड नव्हे. नवी जोडणी करून चाचणी घ्या.

नॅटवर आल्यावरही गेस्टमधून काहीच जात नसेल आणि होस्टवर सगळं ठीक असेल, तर व्हीपीएनचं धोरण पाहावं लागतं. काही कंपन्या ठरावीक प्रोग्रामनाच बोगद्यात शिरू देतात. व्हर्च्युअलबॉक्सची प्रक्रिया त्या यादीत नसेल तर ती अडवली जाते. हे तुमच्या हातचं काम नाही, आयटीनेच ते नाव यादीत घालायला हवं.

## टप्पा ३ : पत्त्यांची टक्कर शोधा

‘काही सर्व्हर लागतात, काही लागत नाहीत’ असं असेल तर सरळ इथे संशय धरा.

कारण साधं आहे. कंपन्या आतल्या नेटवर्कसाठी १०.०.०.० चा अख्खा पट्टा वापरतात, आणि व्हर्च्युअलबॉक्सचं नॅटही मुळात १०.०.२.० हाच पट्टा घेऊन येतं. कंपनीचा एखादा सर्व्हर १०.०.२.४० वर असेल तर गेस्टला वाटतं, हा तर माझ्याच गल्लीतला. तो पॅकेट गेटवेकडे देतच नाही, त्या पत्त्याला शेजारी म्हणून हाका मारत बसतो. उत्तर येत नाही आणि ‘नो रूट टू होस्ट’ दिसतं. पण १०.२०.५.४० गेस्टच्या पट्ट्याबाहेर आहे, म्हणून तो नीट लागतो. माणूस दिवसभर सर्व्हरलाच दोष देत राहतो.

पक्कं करायला एक कमांड पुरते. गेस्टमध्ये न लागणाऱ्या सर्व्हरचा पत्ता घालून द्या :

आयपी राउट गेट १०.०.२.४०

उत्तरात ‘व्हाया १०.०.२.२’ असेल तर पॅकेट गेटवेकडे जातंय, टक्कर नाही. ‘व्हाया’ हा शब्दच नसेल आणि थेट ‘डेव्ह’ आणि कार्डाचं नाव असेल, तर टक्कर आहे. कार्डाचं नाव ‘डॉकर०’ असेल तर भांडण व्हर्च्युअलबॉक्सशी नाही, गेस्टमधल्या डॉकरशी (कंटेनर चालवणाऱ्या साधनाशी) आहे. डॉकरचा मूळ पट्टा १७२.१७.०.० असतो आणि कंपन्या तो पट्टाही वापरतात.

व्हर्च्युअलबॉक्सचा पट्टा बदलणं. आधी नवा पट्टा निवडा. टप्पा १ मधल्या यादीत नसलेला, घरच्या राउटरचा नसलेला, आणि कोणाला सहज न सुचणारा हवा. १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ घेऊ नका. आज चाललं तरी उद्या दुसऱ्याच्या वायफायवर अडेल. १९२.१६८.२१३.० सारखा घ्या. व्हीएम बंद करून होस्टवर :

व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायव्हीएम "व्हीएमचं नाव" --नॅटनेट१ "१९२.१६८.२१३.०/२४"

नावातलं शेवटचं १ म्हणजे अ‍ॅडॉप्टर क्रमांक. नॅट दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरवर असेल तर तिथे २. व्हीबॉक्समॅनेज सापडत नाही असं विंडोज म्हणालं तर प्रोग्राम फाइल्समधल्या व्हर्च्युअलबॉक्सच्या फोल्डरमध्ये जाऊन चालवा.

व्हीएम सुरू केल्यावर गेस्टचा पत्ता १९२.१६८.२१३.१५ आणि गेटवे १९२.१६८.२१३.२ दिसायला हवा. तसं न होता जुनाच पत्ता राहिला असेल तर गेस्टमध्ये कोणीतरी पत्ता हाताने पक्का लिहून ठेवलाय. नेटप्लॅनच्या (उबुंटूत नेटवर्क मांडणाऱ्या साधनाच्या) फाइलमध्ये किंवा नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन तो डीएचसीपीवर आणा.

डॉकरचा पट्टा. गेस्टमध्ये ‘/ईटीसी/डॉकर/डीमन.जेसन’ या फाइलमध्ये ‘बीआयपी’ या किल्लीसमोर नवा पत्ता द्या आणि डॉकर पुन्हा सुरू करा. कंपोजने बनवलेली जुनी नेटवर्क्स त्याने बदलत नाहीत. ती ‘डॉकर कंपोज डाउन’ करून नव्याने उभी करावी लागतात.

हायपर-व्हीचा डिफॉल्ट स्विच. याचा पट्टा १७२.१६ ते १७२.३१ यांतून विंडोज स्वतः निवडतं आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावर तो बदलू शकतो. म्हणून तिथे ‘सोमवारी चाललं, मंगळवारी नाही’ असे प्रकार होतात. कायमचा उपाय स्वतःचा स्विच. पॉवरशेल अ‍ॅडमिन म्हणून उघडा आणि याच क्रमाने जा : ‘न्यू-व्हीएमस्विच’ने इंटर्नल प्रकारचा स्विच बनवा, ‘न्यू-नेटआयपीअ‍ॅड्रेस’ने त्या स्विचच्या होस्टकडच्या कार्डाला १९२.१६८.२१३.१, प्रीफिक्स २४ द्या, ‘न्यू-नेटनॅट’ने १९२.१६८.२१३.०/२४ साठी नॅट उभं करा. या स्विचवर डीएचसीपी नसतो, हे बहुतेक जण विसरतात. गेस्टमध्ये पत्ता, गेटवे आणि डीएनएस हाताने लिहावे लागतात.

> तपासा : ‘एनसी -व्हीझेड’ने आयपी पत्त्यावर जोडणी होतेय? मगच डीएनएसला हात लावा. पत्त्याने लागत नसेल तर नावाने लागण्याचा प्रश्नच येत नाही.

## टप्पा ४ : डीएनएस

लक्षण : पत्त्याने लागतो, नावाने नाही. किंवा उलट दिशेचं : व्हीपीएन तोडल्यावर गेस्टचं सगळंच इंटरनेट जातं.

दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. व्हर्च्युअलबॉक्सचं नॅट साधारणपणे होस्टचे डीएनएस सर्व्हर गेस्टला डीएचसीपीतून देतं. व्हीएम आधी सुरू केली आणि व्हीपीएन नंतर जोडलं, तर गेस्टकडे घरच्या राउटरचा डीएनएस राहतो, आणि त्याला कंपनीची आतली नावं ठाऊक नसतात. उलट केलं, तर व्हीपीएन तुटल्यावर गेस्ट कंपनीच्या डीएनएसकडे नावं विचारत बसतो, तिथे पोचण्याचा रस्ता मात्र आता उरलेला नसतो.

गेस्टमध्ये ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ द्या आणि नेटवर्क कार्डाखालचे डीएनएस पाहा. ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ उघडून पाहू नका. उबुंटूत तिथे १२७.०.०.५३ एवढंच दिसतं, त्यावरून काही कळत नाही.

उपाय म्हणजे गेस्टला खरे डीएनएस सर्व्हर सांगायचेच नाहीत, प्रत्येक प्रश्न होस्टकडून सोडवून घ्यायचा. व्हीएम बंद करून :

व्हीबॉक्समॅनेज मॉडिफायव्हीएम "व्हीएमचं नाव" --नॅटडीएनएसहोस्टरिझॉल्व्हर१ ऑन

यानंतर व्हीपीएन कधीही जोडा किंवा तोडा, होस्टला जे नाव कळतं ते गेस्टलाही कळतं. व्हीएम सुरू करून गेस्टमध्ये ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’ द्या आणि मग नावाने चाचणी घ्या. ही सेटिंग व्हीएमगणिक वेगळी असते; नवी व्हीएम बनवलीत की पुन्हा द्यावी लागते.

इथे नेहमी होणाऱ्या चुका :

८.८.८.८ लिहिणं. सार्वजनिक डीएनएसला कंपनीची आतली नावं माहीत असण्याचं कारणच नाही. पूर्ण बोगद्यात कंपनीचा फायरवॉल बाहेरचा डीएनएस अडवत असेल तर चालू असलेलं इंटरनेटही जातं. आधी लिहून ठेवला असेल तर काढा.

होस्टवर एनएसलुकअपवर (नावाचा पत्ता विचारणाऱ्या कमांडवर) विश्वास ठेवणं. काही व्हीपीएन विंडोजला सांगतात की अमुक डोमेनची नावं अमुक डीएनएसकडेच विचारायची. एनएसलुकअप हे नियम पाळत नाही, म्हणून त्याचं उत्तर चुकीचं येऊ शकतं. ‘रिझॉल्व्ह-डीएनएसनेम’ पाळते. होस्टवर तीच वापरा.

.लोकल ने संपणारी नावं. जुन्या विंडोज डोमेनमध्ये कंपनीचं आतलं नाव .लोकल ने संपतं. लिनक्स गेस्ट अशी नावं डीएनएसला न विचारता आसपासच्या यंत्रांना विचारायच्या पद्धतीने शोधतो, आणि ती सापडत नाहीत. ‘/ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ’मध्ये ‘होस्ट्स’च्या ओळीत ‘एमडीएनएस४_मिनिमल’ हा शब्द ‘डीएनएस’च्या आधी असेल तर तो काढून पाहा. सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड वापरत असाल तर त्या कार्डासाठी ते डोमेन ‘रिझॉल्व्हसीटीएल डोमेन’ने नोंदवा.

होस्ट्स फाइलमध्ये पत्ता लिहून काम भागवणं. तातडीला ठीक. पण ती ओळ तिथेच राहते, सहा महिन्यांनी सर्व्हरचा पत्ता बदलतो आणि तेव्हा कोणालाच ती आठवत नाही. लिहिलीच तर शेजारी तारीख टाका.

डब्ल्यूएसएल २ वापरणाऱ्यांसाठी : विंडोज ११ च्या २२एच२ पासून पुढे वापरकर्त्याच्या फोल्डरमधल्या ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’ फाइलमध्ये, डब्ल्यूएसएल२ च्या विभागात, ‘नेटवर्किंगमोड’ला ‘मिरर्ड’ आणि ‘डीएनएसटनेलिंग’ला ‘ट्रू’ द्या, मग ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’. व्हीपीएनच्या बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

## टप्पा ५ : एमटीयू, म्हणजे ‘जोडतं पण पुढे सरकत नाही’

हे लक्षण ओळखू येण्यासारखं आहे. नाव सापडतं. पोर्टवर जोडणी होते. छोटं पान उघडतं. पण गिट क्लोन सुरू होऊन थिजतं, एसएसएच पासवर्ड विचारण्याआधीच अडकतं, एचटीटीपीएसची साइट फिरत राहते. ‘कर्ल -व्ही’ दिलं तर ‘क्लायंट हॅलो’ गेल्याची ओळ दिसते आणि पुढे शांतता.

इथरनेटवर एका पॅकेटचा कमाल आकार १५०० बाइट. व्हीपीएन प्रत्येक पॅकेटला स्वतःचं वेष्टण चढवतं, त्यामुळे आत मावणारा माल कमी होतो. वायरगार्ड या व्हीपीएनचा नेहमीचा आकडा १४२० आहे, काही क्लायंट १३०० च्या आसपास जातात. गेस्टला हे माहीत नसतं, तो १५०० चीच पॅकेट्स पाठवतो. मोठं पॅकेट वाटेत टाकलं जातं, आणि ‘लहान करून पाठव’ हा निरोप फायरवॉलने अडवला तर गेस्टला ते कधीच कळत नाही.

हा त्रास कोणाला होतो हेही बघा. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटमध्ये टीसीपीची जोडणी होस्ट स्वतः नव्याने करतो, म्हणून तिथे एमटीयूची अडचण क्वचितच येते. हायपर-व्ही, केव्हीएम आणि डब्ल्यूएसएलचं नॅट मात्र पॅकेट जसंच्या तसं पुढे ढकलतं. व्हीपीएन गेस्टच्या आत चालवत असाल तरीही हा टप्पा तुमच्यासाठी आहे.

मोजणी अशी. व्हीपीएन जोडून विंडोज होस्टवर, पिंगला उत्तर देणारा कंपनीचा एखादा पत्ता घ्या :

पिंग -एफ -एल १३७२ आणि पुढे पत्ता

इथे -एफ म्हणजे तुकडे करू नकोस, आणि १३७२ हा नुसता माल. त्यात आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट मिळवले की पॅकेट १४०० चं होतं. उत्तर आलं तर आकडा वाढवा, नाही आलं तर कमी करा. जो सर्वांत मोठा आकडा जातो त्यात २८ मिळवा; तो तुमचा एमटीयू. लिनक्सवर हीच चाचणी ‘पिंग -एम डू -एस १३७२’ अशी होते.

समजा १३५० निघाला. गेस्टमध्ये आधी तात्पुरता लावून पाहा :

सुडो आयपी लिंक सेट डेव्ह ईटीएच० एमटीयू १३५०

कार्डाचं नाव तुमच्याकडचं घाला : हायपर-व्हीमध्ये सहसा ईटीएच०, व्हर्च्युअलबॉक्समध्ये ईएनपी०एस३, व्हीएमवेअरमध्ये ईएनएस३३. अडकलेलं गिट क्लोन पुन्हा चालवा. धडाक्यात पूर्ण झालं तर निदान बरोबर आहे. मग तोच आकडा नेटप्लॅनमध्ये किंवा एनएमसीएलआय या कमांडने कायमचा करा. फरक पडला नाही तर १५०० परत लावा आणि हा विषय सोडा.

> सावधान : १२८० च्या खाली जाऊ नका, आयपीव्ही६ ला किमान तेवढा लागतो. गेस्टमध्ये डॉकर असेल तर त्याच्या नेटवर्कचा एमटीयू वेगळा लावावा लागतो. नाही तर व्हीएम चालते आणि कंटेनर अडकतो.

## टप्पा ६ : होस्टवरून व्हीएममध्ये जाणं

व्हीपीएन जोडलं की होस्ट-ओन्ली (फक्त होस्ट आणि गेस्ट यांच्यातल्या) नेटवर्कवरचं एसएसएच बंद पडतं, कारण पूर्ण बोगद्याचे बरेच क्लायंट स्थानिक नेटवर्कची वाहतूक अडवतात. त्या नेटवर्कच्या १९२.१६८.५६ या पट्ट्याचा रस्ता हाताने जोडून फार उपयोग होत नाही. काही क्लायंट राउटिंग टेबलवर लक्ष ठेवून तुमची ओळ काढून टाकतात.

त्या वाटेला जाऊच नका. नॅटचं पोर्ट फॉरवर्डिंग वापरा. अ‍ॅडॉप्टर १ च्या सेटिंगमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ (होस्टच्या पोर्टवर आलेली जोडणी गेस्टकडे वळवणं) उघडून एक ओळ भरा : प्रोटोकॉल टीसीपी, होस्टचा पत्ता १२७.०.०.१, होस्टचं पोर्ट २२२२, गेस्टचा पत्ता रिकामा, गेस्टचं पोर्ट २२. मग होस्टवरून १२७.०.०.१ ला पोर्ट २२२२ वर एसएसएच करा. १२७.०.०.१ ची वाहतूक लॅपटॉपबाहेर जातच नाही, म्हणून व्हीपीएन तिच्या आड येत नाही.

गेस्टचा पत्ता रिकामा ठेवायचा तो मुद्दाम. तिथे १०.०.२.१५ लिहिलंत तर टप्पा ३ मध्ये पट्टा बदलल्यावर ती ओळ निकामी होते. आणि होस्टच्या पत्त्याचा रकाना रिकामा सोडू नका. सोडलात तर ते पोर्ट तुमच्या वायफायवरच्या इतरांनाही खुलं होतं.

## टप्पा ७ : नेटवर्क ठीक, तरी काम अडलेलं

पत्त्याने आणि नावाने जोडणी होते, मोठी फाइलही येते, पण प्रोग्राम त्रुटी देतो. आता नेटवर्कला हात लावू नका. तीन जागा पाहा.

घड्याळ. लॅपटॉप झोपवून उठवल्यावर व्हीएमचं घड्याळ मागे राहू शकतं, आणि मग प्रमाणपत्र ‘अजून वैध नाही’ अशी तक्रार येते. ‘टाइमडेटसीटीएल’ने पाहा.

प्रॉक्सी. होस्टला ती आपोआप मिळते, गेस्टला नाही. लागत असेल तर गेस्टमध्ये वेगळी द्या, आणि व्हीपीएन नसताना ती काढायचं लक्षात ठेवा.

प्रमाणपत्र. कंपनी एचटीटीपीएसची वाहतूक उघडून तपासत असेल तर तिचं मूळ प्रमाणपत्र होस्टवर आयटीने बसवलेलं असतं, गेस्टवर नसतं. आयटीकडून ती फाइल मागून घ्या, उबुंटूत ‘/यूएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्स’मध्ये .सीआरटी नावाने ठेवा आणि ‘सुडो अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ चालवा. गिटमध्ये किंवा कर्लमध्ये प्रमाणपत्राची तपासणीच बंद करणं हा उपाय नव्हे. त्याने तुमचं टोकन (लॉगिनची गुप्त किल्ली) कोणाच्या हाती जातंय हे कळण्याचा एकमेव मार्ग बंद होतो.

## व्हीपीएन गेस्टमध्येच चालवायचं असेल तर

आयटीने परवानगी दिली असेल, तर ही मांडणी कधी कधी जास्त सोपी पडते : होस्टवर व्हीपीएन नाही, गेस्टमध्ये आहे, नेटवर्क नॅटवर. पत्त्यांची टक्कर आणि एमटीयू हे दोन टप्पे इथेही तितकेच लागू. होस्ट आणि गेस्ट दोन्हीकडे एकाच वेळी व्हीपीएन जोडू नका. बोगद्यात बोगदा गेला की वेष्टणावर वेष्टण चढतं, एमटीयू आणखी घटतो आणि बिघाड कोणत्या बोगद्यात आहे हे शोधणं अवघड होतं.

## आयटीला काय पाठवायचं

इतकं करूनही अडलंच, तर ‘व्हीएममध्ये नेट नाही’ असं तिकीट टाकू नका. पुढच्या गोष्टी एकाच वेळी पाठवा : होस्टवरच्या ‘टेस्ट-नेटकनेक्शन’चं उत्तर, व्हीपीएन जोडण्याआधीची आणि नंतरची ‘राउट प्रिंट -४’, गेस्टमधलं ‘आयपी राउट’, अडलेल्या पत्त्यासाठीचं ‘आयपी राउट गेट’ आणि ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’, मोजलेला एमटीयू, व्हर्च्युअलबॉक्सची आणि व्हीपीएन क्लायंटची आवृत्ती, आणि जोडणी नेमकी कोणत्या वेळी करून पाहिली ती वेळ मिनिटासह, म्हणजे त्यांना फायरवॉलच्या नोंदींत तीच ओळ शोधता येते. ‘कर्ल -व्ही’चं उत्तर जोडत असाल तर पाठवण्याआधी त्यातली ‘ऑथोरायझेशन’ने आणि ‘कुकी’ने सुरू होणारी ओळ पुसून टाका; तुमचं टोकन तिथे उघडं दिसतं.